गल्लीनं मिळून घरकुल: सरकारी अनुदानावर शहरात स्वतःचं घर बांधताना

घरकुल मंजूर झालं की लोक पेढे वाटतात. वाटावेतच. पण मंजुरीचं पत्र हातात येतं त्या दिवशी खात्यात एक रुपयाही आलेला नसतो. आमच्या गल्लीत पहिला हप्ता आला तो जोतं झाल्यावर, म्हणजे खोदाई, पाया, भराव, विटा आणि मिस्त्रीची मजुरी हे सगळं घरच्या पैशातून झाल्यावर. घरकुल योजनेची ही चाल आधी समजून घ्यायची. सरकार घर बांधून देत नाही. तुम्ही बांधलेल्या टप्प्याचे पैसे मागून देतं. अर्ज, कर्ज आणि बांधकाम या चालीला धरून आखलं तर घर उभं राहतं. नाही तर पत्र्याखाली अर्धवट भिंती उभ्या राहतात, आणि अशा भिंती प्रत्येक नगरपरिषदेच्या हद्दीत दिसतात.

हा लेख महाराष्ट्रातल्या शहरात स्वतःच्या जागेवर घर बांधू पाहणाऱ्यांसाठी आहे. त्यातही एकट्यानं न जाता पाच-दहा घरांनी मिळून जाणाऱ्यांसाठी. मिळून का, ते पुढे सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबला खालून आधार देणाऱ्या, प्लेटांपाशी आपोआप कळेल.

कुठल्या दारातून जायचं

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ ला सुरू झाली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून तिचं दुसरं पर्व, म्हणजे २.०, चालू आहे. आपल्याला हवा तो भाग लाभार्थ्यानं स्वतः घर बांधण्याचा. पहिल्या पर्वात तो चौथ्या क्रमांकाचा घटक होता, त्यामुळे नगरपरिषदेत जुने कर्मचारी अजूनही त्याला ‘घटक चार’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बीएलसी’ही म्हणतात. खिडकीवर यातला कुठलाही शब्द चालतो. केंद्राचे १ लाख ५० हजार आणि राज्याचे १ लाख, असे एका घराला २ लाख ५० हजार मिळतात.

दुसरं दार सहकारी संस्थेचं. जमीन संस्थेची आणि घरं एकगठ्ठा. सोलापूरच्या विडी कामगारांनी हे करून दाखवलं. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजारांवर घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. मग रे नगर आलं. ती ३० हजार घरांची योजना, आणि त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या. त्यामागे वर्षानुवर्षांची युनियन, मोर्चे आणि दिल्लीच्या खेपा आहेत. गल्लीतल्या दहा घरांनी त्या वाटेला जाऊ नये. तिथून शिकायचं ते एवढंच, की अनुदानाच्या यादीत नाव घालताना एकेकट्याचं घालू नये.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना वेगळी आहे. शहरी भागात तिचीही मदत २ लाख ५० हजार. या दोन योजनांपैकी एका घराला एकच मिळते, दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवू नका. आवास योजनेतली गृहकर्जाच्या व्याजावरची सवलतही घरकुलाच्या अनुदानाबरोबर मिळत नाही. यातलं एकच काय ते निवडायचं.

जागा नावावर आहे का, म्हणजे नेमकं काय

निम्मे अर्ज इथेच अडकतात. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. ‘तीस वर्षं घरपट्टी भरतोय’ हे खरंच असतं, पण पावतीवर नाव भोगवटादाराचं असू शकतं. तुमच्या हातात यापैकी एक तरी हवं: मिळकत पत्रिका, सात-बारा, नोंदणीकृत खरेदीखत किंवा सरकारनं दिलेला पट्टा.

जागा आजोबांच्या नावावर असेल तर अर्जाच्या आधी वारस नोंद. चार भाऊ असतील तर बाकी तिघांचं संमतीपत्र. ते शंभर वेळा ‘हो’ म्हणतील, पण लिहून घ्या, आणि घर पाडायच्या आधी लिहून घ्या. जोतं वर आलं की नात्यातले हिशोबही वर येतात.

गुंठेवारीची, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली, जागा असेल तर २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे भूखंड नियमित करून घेता येतात. शुल्क भरून ते प्रमाणपत्र घेतल्याशिवाय बांधकाम परवानगी मिळणार नाही, आणि परवानगीशिवाय हप्ता नाही. सरकारी जमिनीवरची जुनी वस्ती असेल तर १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती अतिक्रमणं घरकुलासाठी नियमानुकूल करण्याचं राज्याचं धोरण आहे. त्यासाठी पुरावा त्या तारखेच्या आधीचा लागतो: मतदार यादी, वीजबिल, शाळेचा दाखला. इथे गल्लीनं एकत्र जाणं अनिवार्यच आहे, कारण मोजणी एका घराची होत नाही, सगळ्या वस्तीची होते. नदीची पूररेषा, रस्ता किंवा आरक्षण यांत येणारी घरं मोजणीतच बाहेर पडतात. ती कुठली हे आधी कळलं तर त्या कुटुंबांना वेगळी वाट शोधायला वेळ मिळतो.

तुम्ही बसता का

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत. देशात कुठेही कुटुंबातल्या कुणाच्या नावावर पक्कं घर नको, गावाकडचंही चालत नाही. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. लग्न झालेला मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला जातो. गेल्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी योजनेतून घर मिळालेलं असेल तर २.० मध्ये पुन्हा मिळत नाही. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर.

ही शेवटची अट कागदावर सोपी वाटते. आमच्या गल्लीत एका वहिनींच्या आधार कार्डावर सासरचं नाव, बँकेत माहेरचं आणि मिळकत पत्रिकेवर फक्त नवऱ्याचं. तीन कागदांवर तीन माणसं. दुरुस्तीला अडीच महिने गेले आणि तोवर शेजारच्यांची नावं यादीत जाऊन पुढे सरकलीसुद्धा. म्हणून पहिली बैठक घर कसं असावं यावर घेऊ नका. सगळ्यांना आधार, पासबुक आणि जागेचा उतारा घेऊन सतरंजीवर बसवा आणि नावं अक्षर न् अक्षर ताडून बघा. बँक खातं आधारला जोडलेलं आणि चालू हवं. वर्षभर व्यवहार नसलेल्या खात्यावर विसंबू नका. शंभर रुपये भरा, काढा, पासबुक भरून आणा.

आठ लाखांचा हिशोब

२.० मध्ये घराचं चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, ३० ते ४५ चौरस मीटर. ३० म्हणजे ३२३ चौरस फूट. वस्तीत एवढी जागा एका मजल्यावर क्वचित असते, पण १३ बाय १८ फुटांच्या तुकड्यावर तळमजला आणि वर एक मजला घेतला, तर नऊ इंची भिंती आणि जिना वजा करूनही ३३० फुटांच्या आसपास आत मिळतात. बाजूनं किती जागा सोडावी लागेल ते परवानाधारक अभियंत्याला विचारूनच नकाशा पक्का करा.

आता पैसे. दोन्ही मजले मिळून बांधकाम ४६८ चौरस फूट. समजा तुमच्याकडे दर १,७०० रुपये फूट आहे, तर खर्च ७ लाख ९५ हजार. अनुदान अडीच लाख. उरले साडेपाच लाख, आणि अडीच लाखांतला पहिला हप्ता यायच्या आधी जोत्याचा खर्च आहेच. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, तिथे तो दीड लाखावर सहज जातो.

हा खड्डा कसा भरायचा?

घरातलं कुणी बांधकाम कामगार म्हणून नोंदणीकृत असेल तर कल्याणकारी मंडळाची अटल बांधकाम कामगार आवास योजना बघा. शहरी भागात आणखी २ लाखांची मदत मिळते. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. गवंडी, बिगारी, रंगारी, फरशीवाले हे सगळे यात येतात. आमच्याकडे दहापैकी चार घरांत असा माणूस होता आणि नोंदणी एकाचीच. बाकी तिघांचे दोन-दोन लाख केवळ आळसानं बुडणार होते.

वाळू: राज्याच्या धोरणात घरकुल लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मंजुरीची प्रत घेऊन तहसीलमध्ये अर्ज द्या. वाहतुकीचा खर्च तुमचाच, म्हणून इथेही एकाच डेपोतून पाच घरांची वाळू एकदम उचला.

उरलेल्यासाठी बचत गटाचं किंवा पतसंस्थेचं कर्ज, आणि तेही फक्त पहिल्या टप्प्याला पुरेल एवढंच आधी. सोनंतारण हे व्याजाच्या मानानं बरं. दर आठवड्याला दारात येणाऱ्या फायनान्सवाल्यांच्या कर्जावर घर बांधू नका. हप्ता लांबला तर त्यांचा आठवडा थांबत नाही. आणि घरात एवढे पैसे उभेच राहणार नसतील तर वरचा मजला मागाहून घेऊ म्हणून अर्ज करू नका. ३० चौरस मीटर पूर्ण झाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.

अर्ज, आणि तो जातो कुठे

योजनेच्या संकेतस्थळावर, सेतू किंवा सामाईक सेवा केंद्रात, नाही तर थेट नगरपरिषदेत. कुटुंबातल्या सगळ्यांचे आधार क्रमांक, बँक खातं, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि जागेचा कागद. पोचपावतीवरचा क्रमांक गल्लीच्या एकाच वहीत सगळ्यांचा लिहा.

नगरपरिषद अशा अर्जांचा एक प्रकल्प अहवाल करते. त्याला सगळे डीपीआर म्हणतात. तो म्हाडाकडे, तिथून मुख्य सचिवांच्या समितीपुढे आणि मग दिल्लीच्या समितीपुढे जातो. डीपीआरला लाभार्थ्यांची यादी नावानिशी जोडलेली असते. यादी एकदा गेली की नाव बदलणं किंवा घुसवणं फार अवघड. म्हणून खिडकीवर विचारायचा प्रश्न ‘आमचं कधी होणार’ हा नाही. ‘आमची दहा नावं कुठल्या डीपीआरमध्ये आहेत आणि तो कुठल्या तारखेला वर गेला’ हे विचारा. उत्तर तोंडी मिळालं तर वहीत तारीख टाकून लिहा. मिळालंच नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज, दहा रुपयांत. सगळी गल्ली एकाच डीपीआरमध्ये असणं महत्त्वाचं, कारण मंजुरी एकदम आली तरच बांधकाम एकदम लावता येतं.

बांधकाम परवानगीचं काम मधल्या काळात करून ठेवा. मुंबई आणि आणखी काही ठिकाणं वगळून राज्यभर लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला सोय आहे: परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि नकाशे सादर करून शुल्क भरलं की ती पावतीच परवानगी. अभियंत्याशी दहा घरांची फी एकत्र ठरवा. घरं दहा असली तरी नकाशे दोन-तीन प्रकारचेच असतात.

पाडायच्या आधी फोटो

मंजुरी आली, मुहूर्त बघितला, जुनं घर पाडलं आणि मग नगरपरिषदेचा माणूस फोटो काढायला आला, असं करू नका. कामाच्या आधीची स्थिती, पाया-जोतं, लिंटेल (दारं-खिडक्यांवरची पट्टी), छत आणि पूर्ण घर, अशा पाच टप्प्यांवर जागेचं अक्षांश-रेखांशासह छायाचित्र घेतलं जातं. त्याला जिओ टॅगिंग म्हणतात. पहिला फोटो जुन्या कच्च्या घराचा. तो नसताना घर पाडलं तर तिथे कच्चं घर होतं हे सिद्ध करायला पुन्हा कागद जमवावे लागतात. फोटोत बाई स्वतः दारात उभी असावी. कामावर गेली असेल तर बोलावून घ्या.

कुठल्या टप्प्याला किती पैसे, ते तुमच्या मंजुरी आदेशात लिहिलेलं असतं. त्या कागदाची प्रत मिस्त्रीला द्या आणि त्याचे पैसे त्याच टप्प्यांना बांधा.

काम: गल्लीचा फायदा इथे

पुण्यात येरवड्याला मदर तेरेसा नगर, शीला साळवे नगर अशा वस्त्यांत २००९ च्या सुमाराला जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून घरं जागेवरच बांधली गेली. घर सुमारे २७० चौरस फुटांचं, खर्च ३ लाखांचा, त्यातला दहा टक्के वाटा, म्हणजे ३० हजार, रहिवाशांचा. महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेच्या बायका घरोघर जाऊन बसल्या, कच्ची घरं तेवढी निवडली, पक्की तशीच ठेवली, आणि ज्यांचे तुकडे अगदीच लहान होते त्यांच्यासाठी दोन-तीन कुटुंबांची जागा जोडून घरं आखली. गल्ली, शेजार, देऊळ जिथल्या तिथे राहिलं. पैसा मात्र तिथेही मागूनच येई आणि मधल्या काळाला संस्थेचं भांडवल घालावं लागलं. आपल्यामागे संस्था नाही, म्हणून आपलं भांडवल म्हणजे एकमेकांचा माल आणि एकमेकांच्या तारखा.

सेंट्रिंगचंच घ्या. प्लेटा आणि टेकू भाड्यानं येतात, दिवसावर. ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबचे टेकू साध्या सिमेंटला सात दिवसांनी काढता येतात. हल्ली बाजारात बहुतेक पोती राखमिश्रित सिमेंटची, ते सावकाश घट्ट होतं, म्हणून आम्ही चौदा दिवस ठेवतो. एकट्यानं आणलेल्या प्लेटा या चौदा दिवसांनी परत जातात आणि पुढच्या स्लॅबला पुन्हा टेम्पोचं भाडं. पाच घरांनी दोन संच आणले आणि स्लॅबच्या तारखा एकापुढे एक लावल्या, की प्लेटा गल्लीबाहेर जातच नाहीत. या घरातून निघाल्या की त्या घरावर चढल्या. मिस्त्रीची टोळीही तशीच फिरते आणि रोज काम असल्यामुळे दुसरीकडे पळत नाही.

सिमेंट: दहा टनांचा ट्रक म्हणजे २०० पोती, साधारण एका घराचं. दोन घरांची पोती घेतली तर दुकानदार दर सोडतो. सगळ्या गल्लीचं मात्र एकदम भरू नका. तीन महिन्यांवर पडलेलं सिमेंट जोर सोडतं आणि पावसाळ्यात त्याआधीच गड्डे होतात.

स्लॅबच्या दिवशी घरातल्या एका माणसानं दुसरं काही न करता मिक्सरपाशी पाण्याच्या बादलीवर नजर ठेवायची. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला एका पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. खडी-वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मजूर पाणी वाढवतो कारण माल पातळ झाला की पसरवायला सोपा, आणि तो वाईट माणूस नसतो, दमलेला असतो. म्हणून भांडायचं नाही. आदल्या दिवशीच दहा लिटरची बादली ठरवायची, तिला आतून रंगानं रेघ मारायची आणि एका पोत्याला तीनच म्हणून सांगून ठेवायचं. आमच्याकडे हे काम एका सत्तरीच्या काकूंनी केलं. खुर्ची टाकून बसल्या आणि प्रत्येक पोत्याला बोटं मोजली. त्या स्लॅबला दोन पावसाळे झाले, गळती नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबवर वाळूचे बांध घालून पाणी साठवायचं, किमान दहा दिवस. भिंतींना गोणपाट. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात टँकर लागतो, आणि गल्लीनं घेतला तर तोही वाटला जातो.

वहीचं सांगायला हवं. माल घेणाऱ्या दोघी आणि पैसे देणारी तिसरी, असं वेगळं ठेवा. बिलाचा फोटो त्याच संध्याकाळी गल्लीच्या ग्रुपवर. सामाईक भिंत असेल तर तिचा खर्च निम्मा-निम्मा आणि पुढे वर मजला चढवायचा हक्क दोघांचा, हे स्टॅम्पपेपरवर. आमच्या गल्लीतलं एकमेव भांडण या भिंतीवरून झालं आणि ते लिहिलेलं नव्हतं म्हणूनच झालं.

हप्ता अडला तर

टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. फोटो निघाला का, तो वर चढवला का, मंजूर झाला का, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अडथळा बहुधा मधल्या पायरीवर असतो. दहा जणींनी दहा वेळा जाण्यापेक्षा दोघींनी दर सोमवारी दहा नावांची यादी घेऊन जायचं. खिडकीवरच्या माणसालाही ते सोयीचं पडतं, तो यादीवर खुणा करून देतो. कुणी ‘काम लवकर करतो’ म्हणून हप्त्यातला वाटा मागितला तर एकटीनं उत्तर देऊ नका, गल्ली घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे जा.

निधीच आलेला नसेल तर कुणाच्याच हातात काही नसतं. अशा वेळी पुढच्या घराचा स्लॅब थांबवा पण चालू घर लिंटेलवर सोडू नका. भिंतींचा माथा उघडा राहिला तर एका पावसात भरपूर नुकसान होतं.

शेवटचा हप्ता बहुतेकांचा एकाच गोष्टीसाठी अडतो: घर राहतं झालेलं असतं पण संडासाला दार नसतं, किंवा वरच्या खोलीच्या खिडकीत विटा रचलेल्या असतात. राहायला आल्यावर घाई संपते आणि पैसेही. म्हणून दारं, खिडक्या, संडासाचं भांडं आणि विजेची जोडणी यांचे पैसे छताचा हप्ता आल्या आल्या बाजूला काढा, फरशीला हात लावायच्या आधी. फरशी नंतरही बसते. पूर्णत्वाचा फोटो झाला की नगरपरिषदेचा दाखला घ्या, घरपट्टीला नवी नोंद दोघांच्या नावानं करा आणि मंजुरी आदेश, नकाशा, बिलं सगळं एका फायलीत घालून दुसऱ्याच्या घरात एक झेरॉक्स ठेवा.